दहापैकी दहा

बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद करायचं, हे समाधानदादानं परस्पर ठरवून टाकलं होतं. अर्धांगवायूनं बाबांचा उजवा हात आणि वाचा गेली, तरी ते रोज दुकानात जाऊन बसायचे. गेल्या आठवड्यात तिथेच पडले. पत्र्याची शेड, शेजारी प्रेस मशीनची धडधड, आणि हाक मारायला आवाज नाही. आईला दिसले ते तासाभरानं.

"आता घरात बसायचं," दादा म्हणाला. मला संताप आला. बाबा म्हणजे काही जुना पंखा नव्हे, माळ्यावर टाकून द्यायला.

मी चाकणला कंपनीत टेस्टिंगला आहे. म्हटलं, दुकानात बटण बसवते, अंगणापलीकडे स्वयंपाकघरात घंटा. दादानं अट घातली. "दहा वेळा दाबू. दहाही वेळा वाजली पाहिजे, नाहीतर दुकान बंद."

वाय-फायचं मॉड्यूल घे, मोबाइलवर मेसेज येईल, असं त्याचं म्हणणं. पण चिखलीत आमच्या गल्लीत गुरुवारी लाइट जाते आणि राउटर बंद पडतो. मग बाबांनी काय गुरुवार टाळून पडायचं? लांब पल्ल्याचं महागडं मॉड्यूलही होतं, पण वीस पावलांसाठी ते कशाला? मी सेलवर चालणारी साधी रेडिओ मॉड्यूलची जोडी आणली, एक सिग्नल पाठवणारं, एक घेणारं, दीडशे रुपयांची.

"खेळणं आणलंस," दादा म्हणाला.

"हो, आणलं."

त्याला अँटेना म्हणून वीतभर तार जोडावी लागते. बाबांच्या रिळातली तांब्याची तार कापली, सोल्डर केली आणि रविवारी बटण दाबलं.

दहापैकी चार.

दादा शटर खाली ओढायला लागला. मला रडू फुटत होतं, तेही रागानं.

तेवढ्यात बाबांनी डाव्या हातानं माझ्याकडून मॉड्यूल ओढून घेतलं. तारेचं टोक डोळ्यांजवळ नेलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा दहा वर्षांची झाले. त्यांनी तार उपटली, टेबलावर ठेवली, तिच्यावर निकामी उजवा हात वजनासारखा टाकला आणि डाव्या हातानं ब्लेड घेऊन टोक खरवडायला सुरुवात केली. वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा पातळ, वीज अडवणारा थर असतो. तो काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही. हे मला, किसन मिस्त्रींच्या लेकीला, कुणी सांगायला हवं होतं का? लाज वाटली, आणि बाबांचा भयंकर अभिमानही.

मी तार पुन्हा जोडली. बाबांनी स्वतः बटण दाबलं. स्वयंपाकघरातून आई मोठ्यानं मोजत होती.

"धा झाल्या गं, अपेक्षा."

दादा म्हणाला, "बरं, वाजली." आम्ही दोघं चहाला घरात आलो. कप हातात घेतला, तोच घंटा अकराव्यांदा वाजली. तिघंही धावत सुटलो.

बाबा स्टुलावर नीट बसलेले होते. अंगठा अजून बटणावरच. त्यांनी दादाकडे बघितलं आणि मानेनं अर्ध्यावर ओढलेलं शटर दाखवलं.

दादानं ते पूर्ण वर ढकललं.