ज्याने गाडी बिघडवली त्याचा हात

दीपेशने बोलायच्या आधी मारलं. शिरवण्यात कोणालाही विचारा, त्याच्या घरातल्या पुरुषांचा हात आधी सुटतो आणि तोंड मागून येतं. पान्याचा पहिला फटका रमीजच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. रमीज आपल्याच गॅरेजच्या दारात, ऑइलच्या थारोळ्यात गुडघ्यांवर आला आणि रक्ताबरोबर एक दात थुंकला.

"माजा भाऊ मेला, तुज्यामुलं!"

मागे टेम्पोतून दीपेशचा मित्र सौरभ त्या भावाची, प्रणयची, मोटरसायकल उतरवत होता. बापाच्या वेळची गाडी. हँडल वाकलेलं, मागचं चाक चेपलेलं, इंजिन मात्र शाबूत. प्रणयच्या लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. उलव्याच्या वळणावर त्याने पहिला गिअर टाकून गाडी पुढे काढली, रस्त्याच्या मध्यावर गाडीने मान टाकली, आणि मागून डंपर आला. पुढचं सांगवत नाही. गाडीचं सर्व्हिसिंग लग्नाआधी रमीजने केलं होतं, एवढं दीपेशला पुरलं. दुःखाला पत्ता लागतो. तो नसला की माणूस जवळचं दार ठोठावतो.

शिवाय घरी आई होती, गंगू. पोराला अग्नी दिला त्या दिवसापासून तिने भात सोडला होता. खाडीकाठच्या बाईने भात सोडायचा म्हणजे अर्धा जीवच सोडायचा. दीपेशला तिने एकवीरेची शपथ घालून बजावलं होतं, "ज्यानं गाडी बिगडवली त्याचा हात मोडून ये. मंग मी भात खाईन." ती वाळत चालली होती, आणि पोलिसांकडून गाडी सुटेपर्यंत दीपेश दात आवळून थांबला होता.

आता त्याने रमीजची मानगूट धरून त्याला आत फरफटत नेलं आणि त्याचा उजवा हात ऐरणीवर दाबला. सौरभने शटर अर्धं ओढलं.

"थांब," रमीज म्हणाला. ओठ फाटल्यामुळे शब्द ओले निघत होते. "आधी गाडी बघू दे. माझ्या कामाने झालं असेल तर मी स्वतः ठेवतो हात."

दीपेशला हे पटलं. गुन्हा याच्याच तोंडून वदवून घ्यावा आणि मग हाणावं, असा त्याचा हिशोब. शहाणपणा नव्हता तो, नुसती चव घेऊन मारायची हौस होती.

रमीजने किक मारली. इंजिन धापा टाकत सुरू झालं आणि लगेच मेलं. पुन्हा किक मारून त्याने रेस पिळली, तेव्हा तेच इंजिन डरकाळ्या फोडायला लागलं. रेस कमी केली की पुन्हा गचके.

"जोरात पळते. हळू असली की दम नाही," तो पुटपुटला.

"ते आमाला पन म्हाइत हाय!" दीपेशने त्याच्या पाठीत लाथ घातली. प्रणय तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी हे म्हणाला होता, दादा, गाडी हळू चालवताना मरते. आणि दीपेशने सांगितलं होतं, रेस देऊन हाण, काय होत नाय.

रमीज पाठ धरून उठला. प्लग काढला, कोरडा आणि पांढरट निघाला. हवा जास्त जाते, तो म्हणाला. कार्बोरेटर उघडला. पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं जेट उजेडासमोर धरलं, पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"इथं कचरा असता तर चूक माझी," तो म्हणाला.

"मंग कुठं हाय?" दीपेशने त्याचं डोकं टाकीवर आपटलं. भुवई फुटली. सौरभ म्हणाला, "दीपेश, मरेल ना तो." दीपेशने त्यालाही एक ठेवून दिली.

रक्त पुसत रमीजने सगळं परत बसवलं, गाडी चालू केली आणि कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या जाड रबरावर पेट्रोलचे चार थेंब सोडले. अडखळणारं इंजिन क्षणभर सुरळीत झालं. त्याने गाडी बंद केली, ते रबर काढलं आणि बोटांनी वाकवलं. खालच्या अंगाला चीर होती.

"इथून हवा ओढते. पण दीपेश, हे झिजून गेलेलं नाही. कडा बघ, बाहेर वळल्यात. आतून भडका बसलाय. चालत्या इंजिनाची चावी बंद-चालू करून कोणी बार काढले होते का?"

दीपेशचा हात हवेतच राहिला.

प्रणयची हळद. डीजे, अख्खा गाव अंगणात, पाटावर पिवळा झालेला प्रणय. आणि स्टँडवर लावलेल्या याच गाडीवर दीपेश. रेस पिळायची, चावी बंद, चावी चालू, धाड! बंदुकीसारखा बार. आमच्याकडे बार निघाले नाहीत तर हळद झाली असं कोणी म्हणत नाही. गंगू नाचता नाचता ओरडत होती, "आनखी एक काढ रं, आनखी एक!" त्याने काढले. हात दुखेपर्यंत काढले.

सौरभला ते आठवलं नाही, रमीज तर हळदीला नव्हताच. तिघांत ठाऊक होतं ते एकट्या दीपेशला. एक घाव घातला असता तर विषय संपला असता, आई जेवली असती. दीपेशने रमीजचा हात पुन्हा ऐरणीवर ओढला. काळा, तेलकट हात. त्याला त्या हाताचा भयंकर राग आला, कारण तो निर्दोष होता.

मग त्याने तो ढकलून दिला, चावी फिरवणारा स्वतःचा उजवा पंजा ऐरणीवर पसरला आणि डाव्या हाताने घण उचलून घातला. बोटं फुटल्याचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला. दुसरा घावही त्यानेच घातला. तिसऱ्याला रमीजने त्याला मिठी मारून खाली पाडलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा कोपरापर्यंत प्लास्टर होतं. गंगू दारात बसली होती.

"मोडलास?"

"मोडला."

"कोनाचा?"

दीपेशने प्लास्टर तिच्या पुढ्यात धरलं. "माजा. हळदीचे बार, आये. गाडी मीच मारली."

बार आणखी कोणी मागितले होते ते तो बोलला नाही. तिला ते आठवलं, हे तिच्या तोंडावर दिसलंच. तिने पदर तोंडात कोंबला आणि गुरासारखी हंबरली.

बऱ्याच वेळाने दीपेश आत गेला, ताटात भात घेऊन आला. डाव्या हाताने एक वेडावाकडा घास केला आणि तिच्यापुढे धरला. एकवीरेची शपथ होती, आणि हात मोडला होता. गंगूने तोंड उघडलं.