घोडीला सूट, मुलीला उपास

मी पुण्याहून मस्कतला आले ती मुलीला खाऊ घालायला, आणि मुलगी उपाशी. तेही एका घोडीपायी!

घोडीचं नाव रीम, वय चार वर्षं. मस्कतजवळ बरक्याला एका ओमानी गृहस्थांचा मळा आहे. त्यांना सगळे अर्बाब म्हणतात, म्हणजे मालक. ते विलायतेत शिकायला गेले आणि पदवीबरोबर उड्यांच्या शर्यतींचं वेड घेऊन आले. मळ्यातच खजुराच्या झावळ्यांची कुंपणं रचून दर वर्षी एकतीस डिसेंबरला शर्यत लावतात. माझी देविका राहते माबेल्याला, नोकरी करते बँकेत, आणि गेली दोन वर्षं रोज ऑफिसच्या आधी गाडी हाणत बरक्याला जाऊन या रीमला उड्या मारायला शिकवते. लग्नाचं काढलं की म्हणते, "आई, रीमची शर्यत होऊ दे." घोडीच्या शर्यतीचा आणि हिच्या लग्नाचा काय संबंध, ते तिलाच ठाऊक.

शर्यतीचा नियम असा, की प्रत्येक घोड्यानं पाठीवर ठरलेलं वजन न्यायचं, स्वार आणि खोगीर धरून. चार वर्षांपर्यंतच्या घोड्यांची हाडं अजून भरायची असतात, म्हणून त्यांना सहा किलो सूट. ऐकायला किती प्रेमळ! पण घोडीला सूट म्हणजे वर बसणाऱ्याला जाच. देविका काही पाप्याचं पितर नाही, माझी मुलगी आहे. अर्बाबनी हसत हसत बजावलं होतं, "वजनात बसली नाहीस तर रीमवर यश बसेल." यश तिच्याच बँकेतला, अल हैलला राहणारा, अंगानं नुसती काडी. एरवी तो सुलतान नावाच्या वयस्कर घोड्यावर बसतो. म्हणजे दोन वर्षं खपायचं हिनं आणि मिरवायचं त्यानं?

म्हणून मी आणलेले डिंकाचे लाडू महिनाभर ओट्यावर तसेच पडून होते आणि माझी लेक काकडी चावत होती. घोडीच्या हाडांची एवढी काळजी, आणि माझ्या मुलीच्या हाडांचं काय? मी डब्याचं झाकण मुद्दाम उघडं टाकायची. ती लांबूनच वास घ्यायची आणि म्हणायची, "जिंकल्यावर, आई. पहिला लाडू माझा."

एकतीसला सकाळी ती काट्यावर चढली आणि नेमकी वजनात बसली. मी देवापुढे साखर ठेवली. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि असा पाऊस कोसळला की बरक्याच्या वाटेवरचे कोरडे ओढे दुथडी वाहायला लागले. दुपारी शरीफचा फोन आला. हा रत्नागिरीचा, अर्बाबचा तबेला तोच सांभाळतो.

"मावशी, शर्यत उद्यावर गेली. पण आपलं काम खलास!"

"अरे, एका दिवसानं काय बिघडतंय?"

"उद्या एक जानेवारी! रीम पाच वर्षांची होणार. सूट गेली."

"ती तर मार्चमधली ना?"

"घोडा कधीही जन्मू दे मावशी, त्याचं वय एक जानेवारीलाच वाढतं."

मला हे ताबडतोब कळलं. माझ्या माहेरी शाळेतले मास्तर सरसकट सगळ्या पोरांची जन्मतारीख एक जून लावायचे. घोड्यांनाही तसलेच मास्तर भेटले म्हणायचे.

"म्हणजे आता देविका सहा किलो जास्त चालेल?"

"चालेल काय, मावशी, सहा किलो लागणारच!"

मी फोन तसाच टाकला आणि पिठलं रटरटायला ठेवलं. देविका आधी रडली, रीमला एवढं पेलेल का म्हणून. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती हसत सुटली. रडत-हसत भाकऱ्यांवर भाकऱ्या हाणल्या पोरीनं. "घोडी पाच वर्षांची झाली, आता काय लहान आहे का?" मी म्हटलं. लाडवाला मात्र ती शिवली नाही. तो जिंकल्यावरच.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि वाळूनं सगळं पाणी पिऊन टाकलं. पण एका रात्रीत सहा किलो चढवणं मलासुद्धा जमलेलं नव्हतं. अशा वेळी खोगिराच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या घालतात. त्या बाकीच्यांनी आधीच उचललेल्या. शरीफनं उरल्यासुरल्या गोळा केल्या, तरी दोन किलो कमी. मी पिशवीतून लाडवांचा डबा काढला. वजन बघायला हिलालसाहेब होते, अर्बाबचे मामा, भरघोस मिशांचे. ते हिंदीत म्हणाले, "शिसं असो की मिठाई, जेवढं नेलं तेवढं परत आणा. कमी भरलं तर बाद." दोन किलोंहून थोडे जास्तच लाडू फडक्यांत घट्ट बांधून दोन्ही बाजूंच्या खिशांत कोंबले.

आणि मग काय ती घोडी उडाली! प्रत्येक कुंपणाला मी डोळे मिटायची आणि शरीफ ओरडायचा, "गेली, मावशी, गेली!" शेवटच्या कुंपणाला सुलतान आणि यश बरोबरीला आले. मी अर्बाबचाच दंड धरून किंचाळले, "यल्ला, देविका, यल्ला!" रीमनं मान पुढे काढली आणि जिंकली.

त्यानंतर मला काही भान राहिलं असेल तर शपथ. मुलगी जिंकली म्हणजे तोंड गोड करायचं, एवढंच मला माहीत. देविका रीमच्या गळ्यात पडून रडत होती. मी खोगिरातून फडकी ओढली आणि वाटत सुटले. अर्बाबना लाडू, शरीफला लाडू, यशला लाडू, हिलालसाहेबांना आग्रहाचे दोन. रीमनं एक परस्परच लांबवला.

"आई!" देविका किंचाळली. "अगं, ते वजन होतं!"

माझ्या पायांखालची वाळू सरकली. दोन वर्षं पोरगी पहाटे उठली, महिनाभर उपाशी राहिली, आणि मी पाच मिनिटांत सगळं वाटून टाकलं. मी ओढणी पसरून धावत सुटले. "लाडू परत करा हो! असतील तसे द्या!" अर्बाबनी अर्धा दिला, दोन्ही हातांनी, अदबीनं. शरीफनं चावलेला दिला. देविका खोगीर आणि ते उष्टं गाठोडं घेऊन काट्यावर उभी राहिली. सगळे वाकून बघायला लागले. काटा किंचित अलीकडे थांबला.

हिलालसाहेब मिशीवरचा चुरा पुसत काट्यावर वाकले. देविका बाद, म्हणजे यश पहिला. त्याला नुसतं उभं राहायचं होतं.

यशनं खिशात हात घातला. रुमालात गुंडाळलेला अख्खा लाडू काढला. "शिवांगीसाठी ठेवला होता, काकू. बायकोला डिंकाचे फार आवडतात." त्यानं तो देविकाच्या हातावर ठेवला. काटा हलला आणि नेमका जागेवर जाऊन बसला.

"खलास! पुरं भरलं!" हिलालसाहेब भरल्या तोंडानं ओरडले. "रीम!"

मग जो गलका झाला, त्यात मी नाचले. दुखऱ्या गुडघ्यांसकट नाचले. देविका काट्यावरून उतरली आणि यशचा लाडू त्याला परत द्यायला गेली. तो हात मागे घेऊन म्हणाला, "शिवांगीला काकू नवे करून देतील. पहिला तुझा होता ना?"

महिनाभरानं माझ्या मुलीनं माझ्या हातचा लाडू खाल्ला. मी कमरेवर हात ठेवून, तो संपेपर्यंत समोर उभी राहिले.