मल्हारच्या शेवटच्या दोन कांड्या

मित्रांनो, मी एक जुनी नायट्रोजनची टाकी हाय. पोट मोठं, मान बारकी, अंगभर पोचे. पोटात थंडी अशी, की एकदा एक डास आत डोकावला आन् गारेसारखा टणकन खाली पडला. खोटं वाटत असंल तर त्या डासालाच विचारा.

नवी हुते तवा माझ्यात तोंड दिसायचं. युवराज मला फटफटीला बांधून गावोगाव न्यायचा आन् गायी भरवायचा, म्हंजी गाभण करायचा. वळूचं बीज बारीक कांड्यांत गोठवून माझ्या पोटात ठेवलेलं असायचं.

तामलवाडीच्या सिताबाईंचा मल्हार नावाचा देवणी वळू लंपीच्या रोगात गेला. त्याच्या दोनच कांड्या मागं राहिल्या, त्या माझ्यापाशी. गोठताना बीजाला आतून गंज चढल्यागत होतंय. तो कमी चढावा म्हणून करिश्मा डॉक्टरीणबाईंनी त्यात एक औषध घातलं हुतं. कांड्या देताना त्या युवराजला म्हणाल्या, "औषध गोठताना राखण करतंय. तू कांडी सारखी वर काढलीस, तर त्याचा बी विलाज चालत न्हाय."

युवराजनं निम्मंच ऐकलं.

टपरीवर कुणी म्हणायचं, "मल्हार दाव की." हा टोपण काढून कांड्यांची डबी माझ्या मानेच्या वर धरायचा. पांढरा धूर निघायचा, माणसं खूष.

"तापतील की रं त्या," चहावाला गोरोबा म्हणायचा.

"औषध घातलंय काका. मल्हारला आता मरण न्हाय."

मला वरडता येत न्हाय. मी नुसती मोजायचे. अकरादा. कांडी वर आली की ऊब लागायची, परत थंडीत बुडायची. दर खेपेला आतलं थोडं मरायचं. वरून रंग तसाच.

पहिली कांडी सिताबाईंच्या चंद्री गायीला दिली. एकविसाव्या दिवशी चंद्री हंबरली. गाय उलटली, म्हंजी गाभण न राहता परत माजावर आली.

"कितीदा काढली हुतीस?" सिताबाईंनी इचारलं.

"एक-दोनदा, मावशी."

"गोरोबा अकरा सांगतोय." त्या चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "हिचं वय झालंय, लेका. आता ही एकच खेप."

युवराजनं मान खाली घालून माझं टोपण काढलं, डबी वर उचलली, आन् खिशातला फोन वाजला. त्याचा दुसरा हात खिशाकडं गेला. डबी तशीच वर. सिताबाईंनी तो बटनांचा फोन हिसकला आन् माझ्या पोटात सोडला. "बोलू दे फोनवाल्याला मल्हारसंगं."

मग त्यानं कांडी कोमट पाण्यात धरली. सिताबाईंनी तीस आकडे मोजले, आन् त्यानं ती शेवटची कांडी चंद्रीला दिली.

नंतर युवराजनं नवी टाकी घेतली. मला हितंच सिताबाईंच्या गोठ्यात टाकून गेला. माझ्यातला नायट्रोजन उडून गेलाय. तळाला नुसता फोन पडलाय, त्यो बी मेलेला.

मित्रांनो, माझ्यासारखीचं टोपण उघडलंत तर आधी काम उरका, बोलणं मागनं. औषधाच्या भरवशावर ऊब लावू नका.

आज विसावा दिवस हाय. चंद्रीनं सकाळपासनं कडब्याला तोंड लावलं न्हाय. नुसती कान टवकारून उभी हाय. सिताबाई दावणीपाशी बसल्यात, तिच्या तोंडाकडं बघत. उद्या ती हंबरली, तर ह्या बाईनं माझ्यात हात घालून काय काढायचं?