ट्रकचं तोंड उताराकडे

मधवालीने सेल्फ मारला, ट्रक नुसता खोकला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मागे मधमाश्यांच्या पेट्या रचलेल्या, त्यांची दारं जाळी ठोकून बंद केलेली. ऊन तापायच्या आत पेट्या सूर्यफुलांच्या शेतात पोचवून दारं उघडली नाहीत, तर आतलं मेण वितळणार आणि माश्या गुदमरून मरणार. सगळ्या मेहनतीची माती!

हा जुना ट्रक तिने मामाकडून घेतला होता. मामाने तो जन्मभर चालवला, शेवटी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून भाचीला विकला. पण विकला म्हणजे विकला ना? छे! रोज संध्याकाळी स्वारी हजर. खिशातून दुसरी किल्ली काढायची, चढावर उभा असलेला ट्रक वळवायचा, त्याचं तोंड उताराकडे करायचं, चहा प्यायचा आणि चालू लागायचं. का, म्हणून विचारलं तर "असंच बरं असतं," एवढंच उत्तर.

काल तिचं डोकं फिरलं. "मामा, ट्रक आता माझा आहे. ती किल्ली दे इकडे!"

मामाने मुकाट्याने किल्ली दिली आणि चहा न घेताच गेला. ट्रक रात्रभर तसाच, तोंड चढाकडे करून ऐटीत उभा राहिला.

आता चांगलं उजाडलं होतं. पेट्यांमधली गुणगुण वाढत चालली होती. कोणत्या तोंडाने फोन करायचा त्याला? तिला रडूच कोसळलं. पण माश्यांच्या जिवापुढे कसला आलाय मानपान? तिने फोन लावला.

"सेल्फ मारू नकोस, बॅटरी बसेल," मामा म्हणाला. "पेट्यांवर ओलं गोणपाट टाक. आलोच."

लंगडत आला. टोमणा नाही, कुरकुर नाही. बॉनेट उघडून म्हणाला, "एअर धरलीय. डिझेल मागे टाकीत उतरलं नि पाइपात हवा शिरली. फिल्टरवरचा हा स्क्रू जरा सैल कर."

तिने केला. मामा छोटा हातपंप दाबत राहिला. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल.

"आवळ आता. मार सेल्फ."

ट्रक धडधडत सुरू झाला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

शेतात पोचल्यावर दोघांनी जाळ्या काढल्या. माश्या भराभर बाहेर पडल्या. मामा बांधावर टेकला.

"पाइपाचा एक जोड ढिला आहे," तो म्हणाला. "तोंड चढाकडे असलं की तिथून हवा घेतो."

"मग जोड बदलायचा ना! अवघड आहे का?"

"अवघड कसलं? चहा उकळेपर्यंत होईल."

"अरे, मग बदलला का नाहीस? मला बोललासुद्धा नाहीस!"

मामा माश्यांकडे बघत राहिला. "बदलला असता तर रोज तुझ्याकडे यायला निमित्त काय उरलं असतं? मामी गेल्यापासून संध्याकाळी घर खायला उठतं गं."

कालचं बोलणं आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिकामी जाळी ती उगाच झटकत राहिली.

संध्याकाळी तिने ट्रक घरी आणला, मुद्दाम चढाकडे तोंड करून उभा केला, दुसरी किल्ली पायरीवर ठेवली आणि फोन लावला.

"मामा, ट्रकचं तोंड पुन्हा चुकलं बघ माझं. लवकर ये, चहा टाकतेय."