घडी घालायच्या आधी

आजोबांनी उभ्या आयुष्यात हजारो पुस्तकं शिवली, पण चार वाक्यं धड बोलायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. बाइंडिंगचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. गिऱ्हाइकाशी ‘या’, ‘बसा’, ‘गुरुवारी मिळेल’ एवढ्यावर भागायचं आणि तेवढंच त्यांना बरं वाटायचं.

दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर मोठा नातू बसलेला असायचा. बारा वर्षांचा, घरात सगळ्यांचा ‘दादा’. कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या लांबीप्रमाणे लावण्यात त्याचे तासन्‌तास जायचे. दादाला ऑटिझम होता. तो बोलायचा, पण स्वतः जुळवलेलं वाक्य क्वचित. कधीकाळी कानावर पडलेलं वाक्य, त्याच आवाजात, जसंच्या तसं. तहान लागली की आईच्या सुरात विचारायचा, “तुला पाणी हवंय का?” भीती वाटली की ओरडायचा, “सांभाळून, गरम आहे!”

त्याची धाकटी बहीण आठ वर्षांची. एवढीशी, सदा लगबगीत, आणि चिडली की कडकडून चावणारी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत.

मुंगी शाळेतून आली की दादा उठून उभा राहायचा, ओठांवर बोट ठेवायचा आणि घोगऱ्या आवाजात म्हणायचा, “हळू. बाळ आलंय.”

“मी बाळ नाहीये!” दार धाडकन आपटून मुंगी पाय आपटत आत जायची. रोजचंच होतं ते.

पण त्या सोमवारी तिच्यासोबत दोन मैत्रिणी आल्या होत्या. त्या खुदकन हसल्या. मंगळवारी अख्खा वर्ग तिला ‘बाळ, बाळ’ म्हणून चिडवत होता. संध्याकाळी ती घरी आली ती नाकाचा शेंडा लाल करूनच. दप्तर भिरकावलं आणि दादापुढे उभी राहून म्हणाली, “पुन्हा तोंडातून अक्षर काढलंस तर बघ!”

दादानं बघितलं. आणि त्यानंतर खरोखरच अक्षर काढलं नाही.

बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारही गेला. शुक्रवारी सूनबाई, मुलांची आई, दुकानात आली. “बाबा, तीन दिवसांत त्यानं एकदाही पाणी मागितलं नाही हो. मी देते तेवढंच पितो. मी कामावर असते तेव्हा काय? तुम्ही बोला ना मुंगीशी. मी काही म्हटलं की ती फणकारते.”

“मी? मी काय बोलणार?”

“ढीगभर पुस्तकं वाचलीत की तुम्ही त्याच्यासाठी!”

वाचली होती खरी. वाचनालयातून आणून, खुणा घालघालून. डोक्यात भर पडली होती. तोंडाचं कुलूप तसंच होतं.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. आजोबांनी घसा खाकरला. “मुंगे, असं बघ, प्रत्येकाच्या मेंदूची जडणघडण...”

“आजोबा, तुम्ही पुस्तकासारखं बोलताय.”

“हो ना,” आजोबा ओशाळून म्हणाले आणि हाताला काहीतरी हवं म्हणून छापखान्यातून आलेला गठ्ठा सोडू लागले.

मुंगीनं वरचा कागद ओढला. “अय्या! छापखानेवाल्याचं डोकं फिरलंय का? पान एकच्या शेजारी पान आठ! आणि हे पाच आणि चार चक्क शीर्षासन करतायत! टाकून द्या हा.”

“त्याला फर्मा म्हणतात. घडी घाल बरं. वरची बाजू खाली आण. आता उभी घडी.”

मुंगीनं जीभ बाहेर काढून घड्या घातल्या. आजोबांनी सुरीनं वरची दुमड कापून तिच्या हातात दिली. एक, दोन, तीन... आठपर्यंत सगळी पानं सुतासारखी सरळ. तिनं तीनदा उलटून पाहिलं.

“तुम्ही जादू केलीत!”

“मी कसली करतोय? पानं होती तिथेच होती. आपण घडी घालायच्या आधीच वाचायला गेलो.” आजोबा थबकले. जे कालपासून सापडत नव्हतं ते हातातच होतं. “मुंगे, तहान लागली की दादा काय म्हणतो?”

“‘तुला पाणी हवंय का?’ स्वतःलाच हवं असतं, आणि विचारतो आपल्याला!”

“ते वाक्य मुळात कोणाचं?”

“आईचं.” मुंगीनं हातातल्या घडीकडे पाहिलं. “आई विचारते आणि मग पाणी मिळतं. म्हणून... आणि ‘गरम आहे’?”

“लहानपणी तो इस्त्रीला हात लावायला गेला. तुझे बाबा ओरडले.”

तिनं घडी उलटीसुलटी केली. मग हळूच म्हणाली, “आणि ‘बाळ आलंय’ कुठल्या पानावरचं?”

“तुला दवाखान्यातून आणलं त्या दिवसाचं. घरात माणसांचा गलका, दादा कानांवर हात ठेवून इथेच भिंतीशी बसलेला. तुझे बाबा तुला घेऊन दारात आले. दोन रात्री झोप नव्हती, आवाज बसलेला. बोट ओठांवर ठेवून म्हणाले, ‘हळू. बाळ आलंय.’ सगळे गप्प झाले, आणि दादानं कानांवरचे हात काढले. त्याच्या मनातलं मला कळतं असं नाही हं. मी आपला अंदाज करतो.”

मुंगीनं बाहीला नाक पुसलं. “मी रागात म्हणाले होते, अक्षर काढू नकोस.”

“त्याच्याकडे शब्द तेवढे छापले गेले. राग नाही उमटला.”

ती उठून स्टुलापाशी गेली. “दादा, सॉरी. बोल ना. काढ अक्षर.”

दादा पट्ट्या लावत राहिला. मुंगीनं वळून दाराकडे पाहिलं.

मग तिनं काय करावं? दप्तर पाठीला लावलं, बूट चढवले आणि सुट्टीच्या दिवशी शाळेतून आल्यासारखी बाहेर जाऊन दाराशी उभी राहिली. तिनं दार अलगद ढकललं, ओठांवर बोट ठेवलं आणि आवाज घोगरा करून म्हणाली, “हळू.”

एवढंच म्हणून थांबली. जिला लाइनीत दोन मिनिटं धीर निघत नाही, ती थांबली. आजोबांच्या हातातल्या ब्रशवरून चिकटवायच्या खळीचा थेंब एका नव्या कोऱ्या पुठ्ठ्यावर पडला.

दादा उठून उभा राहिला. “बाळ आलंय,” तो म्हणाला.

दार आपटलं नाही. म्हणून वाक्य पुढे गेलं.

“आपलं बाळ. बघतोस?”

आजोबा चमकले. मुंगीच्या बाबांनी तेव्हा खाली वाकून दादाला असं विचारलं होतं, ते त्यांच्याही स्मरणातून गेलं होतं. इतकी वर्षं ते शेवटचं वाक्य दाराच्या आवाजात बुडत होतं.

“बघ,” मुंगी म्हणाली.

दादानं क्षणभर तिच्या दप्तराच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग पुन्हा आपल्या पट्ट्यांकडे वळला. वळता वळता म्हणाला, “तुला पाणी हवंय का?”

मुंगी धावली. पेला काठोकाठ भरून आणला, निम्मा वाटेत सांडला.

सोमवारी छापखानेवाला नवा गठ्ठा घेऊन आला. आजोबांनी त्याचे दोन्ही हात धरले. “फार उपकार झाले हो तुमचे.”

“कशाबद्दल?”

“पानं उलटी छापल्याबद्दल.”

“अरे देवा! चूक झाली की काय?”

“छे, छे!” आजोबांना पुढे बोलायचं होतं, पण दारात पावलं वाजली. मुंगी आली होती, मागे त्याच दोन मैत्रिणी. तिनं हात आडवा करून त्यांना उंबऱ्याशीच थांबवलं.

“माझा दादा आता बोलेल,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत ऐका.”