मान हलवायची नाही

अमृताने ओल्या गवतावर गुडघे टेकले आणि सासूचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं. धरलं म्हणण्यापेक्षा, बोटं कानांपाशी नुसती टेकवली.

"गार हायत गं तुजे हात," म्हणत येसूबाईंनी तिच्याकडे मान वळवली.

"आई, मान... नका ना हलवू."

पवना धरणाच्या काठच्या त्या मैदानात, ॲम्ब्युलन्सवर काम करायला निघालेल्या मुलामुलींची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा चालली होती. पेशंट व्हायचं कबूल केलेला विक्की तापाने झोपला, तेव्हा बाजाराला आलेल्या आणि सुनेबरोबर परतायचं म्हणून थांबलेल्या येसूबाई आपणहून पुढे झाल्या. "नुसतं पडून ऱ्हायाचंय ना? मी झोपते की!" आता त्या धबधब्याच्या खडकावरून घसरलेल्या, भिजून गारठलेल्या, मानेला मार बसलेल्या बाई होत्या.

अमृताचे हात कधी चुकत नसत. मागच्या वेळी ती नापास झाली ती आवाजामुळे. "घाबरलेला माणूस विनंती ऐकत नाही, हुकूम ऐकतो," शिकवणाऱ्या मानसी मॅडम म्हणाल्या होत्या. "पुन्हा अशीच बोललीस तर गाडीवर पाठवणार नाही." तेव्हापासून ती रोज पहाटे स्वयंपाकघरात एका उशीला हुकूम सोडत होती. पलीकडे झोपलेली सासू जागी होऊ नये, म्हणून कुजबुजत.

"माजी पिशवी कुटं हाय?" येसूबाईंची मान पुन्हा वळली. "मासळी हाय तिच्यात. मांजर न्हेईल."

"मी बघते, आई. तुम्ही जरा..."

"पेशंट भारी मिळालाय तुला," मानेचा पट्टा घेऊन उभा असलेला निलेश हसू दाबत पुटपुटला. तोही परीक्षेलाच आला होता.

मॅडम हसल्या नाहीत. "अमृता, पेशंट कुणाच्या ताब्यात आहे?"

"त्ये बग, आलंच मांजर!" येसूबाई कोपरावर उठू लागल्या.

"अजिबात हलायचं नाही!"

मैदानावरची बडबड थांबली. अमृताने सासूला खांद्यांना धरून खाली टेकवलं आणि डोकं घट्ट धरलं. "वर बघा. माझ्याकडे. मी सांगेपर्यंत मान हलवायची नाही. निलेश, पट्टा!"

येसूबाई वर बघत राहिल्या. पट्टा बसला. अमृताच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी त्यांना एका दमात फळीवर घेतलं, ऊब धरणाऱ्या चंदेरी चादरीत लपेटलं.

"झाली पास," मॅडम म्हणाल्या.

परतीच्या जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या. पिशवी अमृताच्या मांडीवर होती. तिच्या बंदांशी अमृता चाळा करत राहिली.

"आई, मघाशी मी सगळ्यांदेखत तुमच्यावर..."

जीप खड्ड्यात आदळली आणि पिशवी कलंडली. मासळीचं पाणी सासूच्या साडीवर सांडेल, म्हणून अमृताने ती घाईने सरळ केली, उघडून पाहिली.

आत मेथीच्या दोन जुड्या होत्या. तिने त्या उचलून तळ पाहिला. तळ कोरडा होता.

"आई, मासळी?"

येसूबाई ताठ बसल्या होत्या, नजर समोरच्या रस्त्यावर.

"आता हलवू का गं मान?" त्यांनी विचारलं.