आलेफचा लो

बाळाला उचकी लागली आणि काम थांबलं. एल्याशीवनं चामड्यावरून बोट उचललं. तिर्झानं तोंडाशी आलेलं अक्षर तसंच धरून ठेवलं.

"इम्मा, त्याला गप्प कर ना. माझी जागा चुकेल."

"उचकीला कोण गप्प करणार? तू सांग पुढचं."

शुक्रवारची सकाळ होती. शब्बातच्या, आमच्या विश्रांतिवाराच्या, पावाचं पीठ फडक्याखाली फुगत होतं. टेबलावर यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या गुंडाळीचं चामड्याचं एक पान पसरलं होतं. माझा नवरा एल्याशीव हिवाळाभर ते लिहीत होता, बाळ झालं त्या आठवड्यातसुद्धा. आज त्याची तपासणी होती. माझी लेक तिर्झा सहा वर्षांची. तिला अक्षरं येतात, पण ती जुळवून वाचता येत नाहीत, म्हणून या कामाला तिच्यासारखं दुसरं कुणी नाही. ज्याला अर्थ कळतो त्याचे डोळे पुढे धावतात आणि नसलेलंही वाचून जातात. ती एकेक अक्षराचं नाव घेत होती. बाळाला खांद्यावर टाकून मी छापील पुस्तकात बोट फिरवत होते.

नववा अध्याय, सुरुवातीचीच एक ओळ.

"लामेद. वाव."

माझं बोट थांबलं. पुस्तकात लामेदनंतर आलेफ होता.

"नीट बघ गं."

"वावच आहे. एक काठी. आलेफला हातपाय असतात."

एल्याशीव वाकला आणि बराच वेळ सरळच झाला नाही. "बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "हातपाय मीच लावले नाहीत."

आमच्या हिब्रू भाषेत दोन 'लो' आहेत, आणि कानाला दोन्ही सारखेच. आलेफचा लो म्हणजे 'नाही'. वावचा लो म्हणजे 'त्याला'. त्या ओळीत लिहिलंय आलेफचा: देवा, तू लोक वाढवलेस, आनंद वाढवला नाहीस. पण पुढच्याच शब्दांत सुगीचा आनंद आहे, लूट वाटून घेणाऱ्यांचा आनंद आहे. तिथं 'नाही' कसं बसणार? म्हणून वाचताना सगळे वावचा लो धरतात: लोक वाढवलेस, त्यांना मोठा आनंद दिलास. लिहायचं एक, वाचायचं दुसरं. त्यात नियम असा की लिहिणाऱ्यानं प्रत्येक शब्द आधी तोंडानं म्हणायचा. एल्याशीव 'लो' म्हणाला, आणि हातानं कानाचं ऐकलं.

"बोलून लिहायचा नियम ज्यानं केला, त्याला ही ओळ कुणी दाखवली नसेल," मी म्हटलं.

"दाखवली असेल. म्हणून तर तपासायचाही नियम केला."

तो हसला, पण माझ्याकडे न बघता. बाळ झालं त्या दिवशी नेमकी इथंच शाई सांडली होती आणि त्यानं चामडं एकदा खरवडलं होतं. तिथं ते कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ झालं होतं. आता पुन्हा खरवडताना भोक पडलं, तर तो हे पान कुणाला देणार नाही, हे मला ठाऊक होतं. खालच्या ओळीत देवाचं नाव होतं. नाव असलेलं पान टाकताही येत नाही, ते पुरावं लागतं.

"राहू दे ना," मी म्हटलं. "ऐकणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. आणि काही जुन्या हस्तलिखितांत वावच आहे, तूच सांगितलंयस."

"आहे की. त्यांना वाव मिळाला असेल. मला आलेफ मिळालाय, हेमदा. मी वाव कुठून देऊ?"

मला तिबेरियाच्या तळ्याकाठची ती माणसं आठवली, शास्त्राची प्रत अक्षर न् अक्षर पडताळून ठेवणारी. हजार वर्षांपूर्वी ती या ओळीवर अशीच वाकून बसली असतील. ओळ अडते, हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. नखाएवढं अक्षर पुसलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. त्यांनी आलेफला हात लावला नाही. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, इथं वावचा वाचा, आणि न पटलेलं जसंच्या तसं पुढच्यांच्या हाती दिलं. मी तर तिर्झाचं वाक्य पुरं होण्याआधीच सुधारते.

एल्याशीवनं खरवडायचं पातं घेतलं. मी बाळाला पाजायला घेतलं, उचकी थांबावी म्हणून. पात्याचा आवाज उंदीर कुरतडल्यासारखा येत होता. तिर्झा स्वतःच्या तोंडावर हात धरून उभी होती. मग त्यानं 'लो' म्हटलं, थांबला, पुन्हा म्हटलं, आणि दोन अक्षरांच्या फटीत एक काटकुळा आलेफ बसवला. शाई वाळल्यावर पान खिडकीशी धरलं. उजेड त्या जागी जरा जास्त पिवळा दिसला. भोक नव्हतं.

"हडकुळा झालाय," मी म्हटलं.

"बाळंतपणात मलाही कुणी जेवू घातलं नाही," तो म्हणाला, आणि आता कुठे त्यानं श्वास सोडला.

तिर्झा मात्र खूश नव्हती. "पण माझा वाव आनंदाचा होता ना?"

"होता," तिचा अब्बा म्हणाला. "आणि वाचताना तोच वाचायचा."

"मग हे?"

"हे लिहिलेलं आहे."

ती माझ्याकडे आली, बाळाचा पाय चिमटीत धरून विचार करत राहिली.

"इम्मा, यशया आधी बोलला ना? लिहिलं मग ना?"

"हो. आधी बोलला."

"मग बोलला तेव्हा त्याच्या मनात कुठला लो होता?"